चार आणे माती

वाटी वितळली होती. तडकली नव्हती, वाकली नव्हती, वितळली होती. शनिवारी भट्टीत ठेवताना तिला काठ होता, बूड होतं, माझ्या अंगठ्याचा ठसा होता. सोमवारी झाकण उघडलं तर फळीवर काकवी सांडल्यासारखं काळपट, चकचकीत थारोळं. त्यावर गोठलेले बुडबुडे. आणि कडेला काठाचा बोटभर तुकडा, इथे एक वाटी होती एवढंच सांगायला उरलेला.

थारोळं फळीत मुरलं होतं. छिन्नीने खरवडायला गेले तर फळीचाच टवका निघाला. फळी स्टुडिओची, भट्टी सगळ्यांच्या वाटणीची, आणि मी तिथली सगळ्यांत नवी शिकाऊ. खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हा आपला जुना प्रश्न. इथे तर फोडायला खापरही उरलं नव्हतं. मी फळीचे पैसे भरले आणि सरळ मातीवर ढकललं. म्हटलं, माती वाईट निघाली.

ती माती मी कोसपेटहून आणली होती. चेन्नईत पुरसवाक्कमला लागून ही वस्ती आहे. तमिळमध्ये कुंभाराला कोसवन असंही म्हणतात, त्याच्या नावाची ही पेठ. शेजारच्या भागाचं नाव चूळै. चूळै म्हणजे भट्टी. थोडं पश्चिमेला गेलं की चूळैमेडु लागतं, म्हणजे भट्टीचं टेकाड. या शहरातल्या बसच्या पाट्यांवर अजून भट्ट्या आहेत. त्या जागांवर आता सिमेंटच्या इमारती आहेत. कोसपेटच्या गल्ल्यांत मात्र हात थांबलेले नाहीत. विनायक चतुर्थीच्या आधी तिथे ओल्या गणपतींच्या रांगा लागतात, नवरात्राच्या आधी कोलूच्या, म्हणजे घरात मांडायच्या बाहुल्या, आणि जानेवारीत पोंगलची मडकी. माती आता शहराबाहेरच्या तळ्यांतून येते. तळ्याला इथे एरी म्हणतात. उन्हाळ्यात एरी आटली की तळाचा गाळ काढायचा, आणून ढीग घालायचा, तुडवायचा. ज्या म्हाताऱ्या कुंभाराकडून मी बादलीभर माती आणली, त्याने पैसे घेतले नाहीत. बादली परत आणा, एवढंच म्हणाला.

बादली परत द्यायला गेले तेव्हा वाटीची गोष्ट सांगितली. माझं तमिळ मोडकंतोडकं, पण वितळणं हाताने दाखवता येतं.

"किती तापवलीत, अम्मा?"

"बाराशे पन्नास."

"म्हणजे केवढं?"

"आतलं सगळं पांढरं दिसेपर्यंत."

तो बाहुलीच्या मानेला ओला हात फिरवत होता, तो तसाच फिरत राहिला. "आम्ही लाल झालं की थांबतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, खरोखरच समजून घ्यायला विचारावं तसं, "पांढरं कशाला केलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येताना ट्रेनमध्ये मी तो प्रश्न घोळवत राहिले.

माझं माहेर बेळगाव जिल्ह्यातलं, खानापूरचं. मलप्रभेच्या खोऱ्यातली लाल माती, कौलं, विटा, माठ हे डोळ्यांसमोरच वाढलेलं. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही आमच्या खानापुरातच. पण त्या गावात असताना मी एकदाही चाकाला हात लावला नाही. हात लावला तो चेन्नईला आल्यावर, चाळिशीत, आणि लावला तोही थेट स्टोनवेअरला. स्टोनवेअर म्हणजे दगडी पोताचं भांडं. बाराशे ते तेराशे अंशांच्या दरम्यान भाजलेलं, पाणी न पिणारं, बोटाच्या पेराने वाजवलं तर घंटेसारखं बोलणारं. आपल्याकडच्या आव्यात मडकं आठशे-नऊशे अंशांपर्यंत जातं. तेवढ्याने माती पक्की होते, पुन्हा पाण्यात विरघळत नाही, पण सच्छिद्र राहते. म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. मधल्या तीन-चारशे अंशांत मातीचं काहीतरी वेगळंच होतं. तिच्यातले काही कण वितळून काच होतात, उरलेल्यांना कवेत घेतात आणि सगळी छिद्रं बुजतात. अंगात काच किती व्हावी यावर सगळा खेळ. थोडी झाली तर भांडं कच्चं, जास्त झाली तर काकवी.

हा खेळ भारतात घरोघरचा कधीच नव्हता. दक्षिणेत तो रुजला तो बराचसा पुदुच्चेरीहून. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या दोघांनी तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, सुरूच्या लाकडावर भट्ट्या पेटवल्या आणि पुढच्या काही दशकांत देशभरातल्या कितीतरी स्टुडिओ-कुंभारांना हात दिला. पण आमच्यासारख्या शहरी शिकाऊंना पुढे सोयीची सवय लागली. माती गोणीत येते, तयार, चाळलेली, मळलेली. गोणीवर कोन नंबर, म्हणजे किती आचेला भाजायची त्याचा आकडा, छापलेला असतो. पिशवी फोडायची आणि चाकावर बसायचं. मला एवढंच वाटलं होतं की ज्या शहरात वीस वर्षं राहते, त्याच्या मातीचा एक कप असावा. म्हणून कोसपेटची बादली. एवढ्याचसाठी पांढरं केलं, हे त्या म्हाताऱ्याला सांगायची माझी हिंमत नव्हती.

मग मी रीतसर तपासायला बसले.

गच्चीवर पाच बादल्या मांडल्या. पहिलीत कोसपेटची लाल माती. दुसरीत श्रीपेरुंबुदूरकडची पिवळट पांढरी, रस्त्यासाठी कापलेल्या बांधातून पोतंभर आणलेली. तिसरीत नेयवेलीची पांढरी. तिथे लिग्नाइटवरचे थर उपसताना अशी माती निघते. चौथीत २०१५ च्या पुराचा गाळ. त्या डिसेंबरात चेंबरमबाक्कमच्या तलावातून पाणी सोडलं गेलं, अडयार नदी घराघरांत शिरली, आणि एका मैत्रिणीच्या तळमजल्यावर पाणी ओसरल्यावर घोट्याएवढा गाळ उरला. तो उपसताना मी बिस्किटांचा डबा भरून बाजूला ठेवला होता. का ठेवला, तेव्हा सांगता आलं नसतं. आणि पाचवीत माहेरची, खानापूरची. भावाने श्रीखंडाच्या डब्यातून पाठवलेली. डब्यावर चिकटपट्टी लावून वर लिहिलं होतं, 'खाऊ नये'.

माती तपासण्याचं काम बरंचसं स्वयंपाकघरातलं आहे. आधी ती कडकडीत वाळवायची. अर्धवट ओली पाण्यात टाकली तर गोळाच राहतो. पूर्ण वाळलेली टाकली की भुसभुस विरघळते. मग चाळायची, प्लास्टरच्या लादीवर ओतून पाणी आटवायचं, मळायची. पहिली परीक्षा कडबोळ्याची. बोटाएवढी वळी करायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. भाजणी नीट भिजली नसली की कडबोळं वळताना जसं चिरतं, तशी माती चिरली तर तिच्यात चिवटपणा कमी. कोसपेटची वळी माझ्या करंगळीभोवती तीन वेढे घेऊन शांत बसली. नेयवेलीची पांढरी पहिल्याच वेढ्याला तुटली.

दुसरी परीक्षा थेंबाची. वाळल्या मातीवर व्हिनेगरचा थेंब टाकायचा. फसफसला तर मातीत चुना आहे. या समुद्रकाठच्या शहरात शिंपल्यांचा चुरा कुठल्या मातीत निघेल सांगता येत नाही. पुराच्या गाळावर थेंब असा उसळला की मी मागे सरकले. तरी हट्टाने त्याची एक पणती करून नऊशे अंशांना भाजली. सुरेख निघाली, फिकट गुलाबी. कपाटात ठेवली. पाचव्या दिवशी दुपारी, घरात कुणी बोलत नसताना, कपाटातून 'टक' असा आवाज आला. उघडून पाहिलं तर पणतीच्या पोटावर नखाएवढी खपली उडालेली आणि खड्ड्याच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. भट्टीत शिंपल्याची कळी झाली होती. तो कळीचा चुना चेन्नईच्या दमट हवेतलं पाणी पीत राहिला, फुगला आणि त्याने भिंत फोडली. महिनाभर ती पणती अशी टकटकत होती. पूर ओसरून वर्षं झाली होती, पण गाळाचं बोलणं संपलं नव्हतं.

तिसरी परीक्षा पट्टीची. लांबट चपटी पट्टी करायची, तिच्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ ओढायची. वाळल्यावर रेघ मोजायची, भाजल्यावर पुन्हा मोजायची. जितकी आखडली तितके टक्के. मग भाजलेली पट्टी तोलायची, पाण्यात काही तास उकळायची, पुसून पुन्हा तोलायची. वजन जेवढं वाढलं तेवढं पाणी ती प्याली. स्टोनवेअर म्हणवून घ्यायचं तर हे पिणं साधारण तीन टक्क्यांच्या आत हवं. स्वयंपाकघरात पातेल्यात मातीच्या पट्ट्या उकळत ठेवलेल्या पाहून आमच्या भांडीवाल्या बाईंनी एकदाच विचारलं, "शिजल्या का?" त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

आणि शेवटची परीक्षा आगीची. या खेपेला मी प्रत्येक पट्टीखाली फायर क्लेची, म्हणजे आगीत न वितळणाऱ्या मातीची बशी ठेवली. बाई शहाणी झाली होती.

भट्टीतल्या आगीचा हिशेब नुसत्या काट्यावर ठेवत नाहीत. बर्लिनच्या हर्मान झेगर याने १८८६ मध्ये मातीचे छोटे शंकू काढले. ठरावीक मिश्रणाचा शंकू ठरावीक आचेला, ठरावीक वेळ तापला की शेंडा लववतो. काटा फक्त आकडा सांगतो. शंकू आच आणि वेळ दोन्ही अंगावर घेतो. मातीचं काय झालं हे मातीलाच विचारायचं, अशी ती युक्ती. बाराशे पन्नासच्या आसपास, आठ नंबरचा शंकू झोक्याने नमस्कार घातल्यासारखा वाकला, तेव्हा मी भट्टी बंद केली आणि दीड दिवस तिच्याकडे पाहत बसले.

उघडली तेव्हा पाच मातींची पाच उत्तरं होती. कोसपेटची माती पुन्हा बशीत पसरली होती. पुराचा गाळ पुरीसारखा फुगून काळा झाला होता; आतल्या कुजक्याचा वायू बाहेर पडायच्या आत वरची कातडी काचेने मिटली होती. नेयवेलीची पांढरी ताठ उभी, पण इतकी कोरडी की जिभेला लावली तर चिकटली. श्रीपेरुंबुदूरची तशीच, खरखरीत, चौदा टक्के पाणी पिणारी. आणि माहेरची? मनात कुठेतरी होतं की आमची माती टिकेल. खानापूरची जरा उशिरा बसली इतकंच. तीही बसलीच. श्रीखंडाच्या डब्यातून आलेला माझा सगळा अभिमान बशीत सपाट झाला.

त्या दिवशी उमगलं ते साधं होतं. जी माती जन्मली तिथेच राहते, ती पांढरी आणि कणखर असते. तिच्यात जवळजवळ नुसती ॲल्युमिना आणि सिलिका. सतराशे अंश झाले तरी ती गुडघे टेकत नाही. जी माती पावसाबरोबर निघते, ती ओढ्यांतून, नद्यांतून, एऱ्यांतून घरंगळत वाटेत सगळ्यांशी ओळख करून घेते. लोह घेते, चुना घेते, सोडा आणि पोटॅश घेते. तिचे कण झिजून बारीक होतात, म्हणून ती हाताला लोण्यासारखी लागते. पण वाटेत गोळा केलेले हेच सोबती आगीत तिला लवकर वितळवतात. हाताला गोड ती आगीला हळवी. आगीला पक्की ती हाताला रुसकी. दोन्ही गुण एका ढेकळात क्वचितच सापडतात. म्हणून मिसळायचं. मिसळलेल्या मातीला स्टुडिओत 'बॉडी' म्हणतात. आमची आजी कुठल्याही कामात म्हणायची, माती कमवावी लागते. तो शब्द मला जास्त जवळचा.

हे कमावणं या शहरात माझ्या आधी एका डॉक्टरने केलं होतं. अलेक्झांडर हंटर हा मद्रासमधला शल्यविशारद. १८५० मध्ये त्याने इथे कलाशाळा काढली. पुढे ती सरकारने हाती घेतली. तेच आजचं पूनमल्ली हाय रोडवरचं शासकीय ललित कला महाविद्यालय. हंटरच्या शाळेत चित्रकलेइतकंच मातीचं काम चाले, विटा, कौलं, भांडी, आणि त्यासाठी तो इलाख्यातल्या माती नि खनिजं धुंडाळत असे. बाहेरून जहाजाने येणारी भांडी इथल्या मातीत का होऊ नयेत, हा त्याचा प्रश्न. साम्राज्याचा हिशेब त्यामागे होताच. तरी रोग्याची नाडी पाहणारा माणूस ढेकळाची नाडी पाहत बसला आहे, हे चित्र मला त्या रस्त्याने जाताना दर वेळी दिसतं.

श्रीपेरुंबुदूरच्या त्या पिवळट मातीनेही मला एक धक्का दिला. तिथले थर डायनोसॉरांच्या काळातले, त्यांत पानांचे ठसे सापडतात, आणि भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ते ऊर्ध्व गोंडवनाच्या खात्यात मांडलेले असतात. गोंडवन! भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या मेडलिकॉटने एकोणिसाव्या शतकात हे नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून घेतलं, आणि पुढे अख्ख्या एका प्राचीन भूखंडाला ते चिकटलं. आपला चंद्रपूर त्याच मुलखात. तिथे कोळशाच्या जोडीने फायर क्ले निघते, आणि तिथल्याच भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी गेल्या शतकात ग्रामोदय संघ उभा करून गावच्या कुंभारांना पक्क्या, चकाकीच्या भांड्यांपर्यंत नेलं. बाकी बहुतेक महाराष्ट्र बसाल्टच्या काळ्या दगडावर बसलेला. त्याची काळी माती कापसाला आई, पण भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, चाकावर नको म्हणते. आपल्याकडे दगडी भांड्यांची परंपरा का नाही, याचं निम्मं उत्तर पायाखालीच आहे. आणि इकडे, मोटारींच्या कारखान्यांनी भरलेल्या श्रीपेरुंबुदूरच्या बांधात, मला गोंडांचं नाव भेटत होतं. दुसरं पोतं आणायला गेले तेव्हा मात्र त्या बांधाला कुंपण पडलं होतं.

तेव्हा हाताशी उरलं ते हे. वृद्धाचलमकडची फायर क्ले, राजस्थानातून गोणीत येणारी बॉल क्ले, आणि कोसपेटची बादली. पहिल्या दोन्ही निम्म्या-निम्म्या घेतल्या आणि त्यांत लाल माती चढत्या प्रमाणात घालत गेले. शून्य, दहा, वीस, पंचवीस, तीस, चाळीस, पन्नास. सात पट्ट्या, पाठीवर खिळ्याने कोरलेले सात आकडे.

शून्याची पट्टी पिठूळ, निर्जीव, सहा टक्के पाणी पिणारी. पुस्तक म्हणतं, अशा वेळी फेल्डस्पार घाला, म्हणजे वितळून छिद्रं बुजतील. मी फेल्डस्पार घातलाच नव्हता. दहाच्या पट्टीवर गव्हाचा रंग आला. विसाची खणखणीत, बिस्किटाच्या रंगाची. पंचविसाची तांबूस तपकिरी, दालचिनीसारखी, आणि तिच्यावर लोहाचे बारीक काळे तीळ. तिसाची पोटात किंचित बसलेली. चाळिसावर बुडबुडे. पन्नासाची बशीला चिकटून बसली.

पंचविसाची पट्टी पाण्यात उकळली. आधी चौऱ्याऐंशी ग्रॅम, नंतर साडेपंच्याऐंशी. म्हणजे एक पूर्णांक आठ टक्के. रेघ दहाची पावणेनऊ झाली होती. मी पट्टी ओट्यावर टेकवून वाजवली. वाजली!

मग लक्षात आलं की जिने माझी वाटी बुडवली होती, तीच इथे फेल्डस्पारचं काम करत होती. तिचं लोह, तिचा सोडा, तिचा सगळा हळवेपणा त्या दोन ताठ मातींच्या मधे शिरून त्यांना सांधत होता. अवगुण कुठेच गेला नव्हता. प्रमाणात आला होता.

आपल्याकडे मडकं वाजवून पाहण्याची एक कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेका संताचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. लहानपणी मला नामदेवांची दया यायची. आता वाटतं, गोरोबांनी डोकी फोडली नाहीत, वाजवली. कच्चं म्हणजे टाकाऊ नव्हे, अजून भाजायचं बाकी आहे, एवढाच निकाल. मी मात्र कोसपेटच्या मातीला एका फटक्यात वाईट म्हणून मोकळी झाले होते. भलत्या इयत्तेचा पेपर देऊन मुलाला नापास करावं तसं.

पंचविसाच्या मिश्रणाचे सहा कप केले. प्रदर्शनात एकाने विचारलं, "लोकल क्ले?" मी हो म्हणाले आणि जीभ चावली. सोळा आण्यांत चार आणे इथली, बारा आणे गोण्यांतली. चार आणे मातीच्या जोरावर कपाला चेन्नईचा म्हणायचं का?

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. मूळच्या तंजावरच्या. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे गेलेल्यांच्या वंशातल्या. घराण्याला साडेतीनशे वर्षं होत आली, घरात अजून मराठी. त्यांची मराठी ऐकताना मला पहिल्यांदा दचकायला झालं होतं. शब्द ओळखीचे, हेल तमिळ, आणि मधेच एखादा असा जुना मराठी शब्द, जो आमच्याकडे पणजीबरोबर गेला. कपांच्या हिशेबात बुडालेली असताना एकदा आगाऊपणे त्यांना विचारलं, "आजी, तुमच्या मराठीत मराठी किती आणे हो?"

आजी शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मी बोलले ते तुला कळलं ना?"

"कळलं."

"मग झालं की."

मी वर आले आणि सहाही कपांच्या बुडाला खिळ्याने '२५' कोरलं. जेवढं आहे तेवढं लिहून टाकावं. बाकी चहा प्यायला लागलं की कळतंच.

एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात एक भाजल्या मातीची शवपेटी आहे, पल्लावरमला अलेक्झांडर री याला १८८८ च्या सुमारास सापडलेली. लांबट टबासारखी, खाली आखूड जाड पायांच्या रांगा. दूध प्यायला निघालेल्या एखाद्या जनावरासारखी दिसते. दोन हजार वर्षांच्या वर ती जमिनीत होती. भाजलेली लालच, पांढरी नव्हे. माझ्या १.८ टक्क्यांच्या गर्वाला घेऊन मी मधून मधून तिच्यासमोर उभी राहते.

एका जानेवारीत पोंगल आणि संक्रांत एकाच दिवशी आली. मी कोसपेटला सुगडांसाठी छोटी मडकी घ्यायला गेले. म्हाताऱ्याला एक कप नेऊन दिला. त्याने बोटाने वाजवला, उलटा करून बुडावरचा आकडा पाहिला, ओठाशी नेऊन जीभ लावली. "पाणी पीत नाही," तो म्हणाला. मग माझ्या हातात एक पोंगलचं मडकं ठेवलं. याही वेळी पैसे घेतले नाहीत.

पोंगलच्या सकाळी हौसेने मी माझ्याच पंचविसाच्या बॉडीचं एक भांडं गॅसवर चढवलं, दूध घालून. दुसऱ्या मिनिटाला टण्ण आवाज झाला आणि भांड्याच्या बुडापासून काठापर्यंत केसासारखी रेघ गेली. शेगडीवर दूध. घट्ट, मिटलेल्या अंगाला बुडाशी आच आणि वर गारवा हे सोसत नाही. ताण आला की चीर थेट वर धावते. मडक्याच्या अंगात वाळू असते, छिद्रं असतात. चीर सुरू झाली तर पहिल्याच छिद्राशी अडते. चुलीवर चढायचं तर अंग असं सैल लागतं, लाल झालं की थांबलेलं.

शेगडी पुसली आणि म्हाताऱ्याचं मडकं ठेवलं. त्याच्या गळ्याला हळदीचं रोप बांधलं होतं. दूध तापलं, फुगलं, काठावरून उतू गेलं, आणि शेजारच्या घरातून 'पोंगलो पोंगल'चा ओरडा आला. मडक्याला काही झालं नाही. त्यात माती सोळा आणे इथली होती.